जात्यावरची काच

गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या घरसजावटीत एक मत चांगलेच रुजले आहे. वाडा गेला, गाव सुटले, कौलारू घर भावकीत वाटले गेले. तरी त्यातले चार तुकडे नव्या फ्लॅटमध्ये आणून मांडले की नाळ शाबूत राहते, असे ते मत. म्हणून दिवाणखान्याच्या तोंडाशी जुन्या सागवानी खांबांची जोडी येते. एका भिंतीवर वारली, दुसरीवर चौकटीत बसवलेला पैठणीचा पदर, दाराशी छत्र्या खोचायला तांब्याचे घंगाळ. आणि सोफ्यापुढे जाते, जात्यावर गोल काच, काचेवर कॉफीचे मग. सजावटकार याला ‘वाड्याचा फील’ म्हणतात, घरमालक ‘वारसा जपला’ म्हणतात, आणि पाहुणे फोटो काढतात. यातल्या फोटोंना माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘जपला’ या दाव्याला.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे तीन चांगली कारणे आहेत. पहिले असे, की हे खांब, ही दारे, ही भांडी कोणी घरी नेली नसती तर ती मोडीत गेली असती. तांबे-पितळ वितळले असते, सागवान बंबात जळले असते. दुसरे असे, की या हौसेवर कारागिरांची पोटे भरतात. आणि तिसरे, म्हणजे सर्वांत पक्के, असे की फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या हाती दुसरे असते तरी काय? भिंत हलवता येत नाही, बाहेरून इमारतीला हात लावता येत नाही, चौक काढायला जागा नाही. मग वस्तूच आणायच्या.

आधी खांबांचेच घेऊ. पुण्यातले वाडे का पडले याचा इतिहास लपलेला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली जुनी घरे एका दिवसात चिखल झाली. जी उरली त्यांचे भाडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेले. मालकाला त्या भाड्यात कौलेही शाकारता येईनात. १९६३ मध्ये मालकीच्या फ्लॅटचा कायदा आला आणि वाड्याच्या जमिनीला वाड्यापेक्षा जास्त मोल आले. हौशी गिऱ्हाइकाने वाडा पाडला, असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. खांब लाकूडबाजारात आलाच होता, तुम्ही तो विकत घेतलात, इतके मान्य. पण खांबाचे काम तुळई पेलण्याचे. खाली दगडी तळखडा, वर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर पाटणी, असा तो भार उतरत उतरत जमिनीत जातो. फ्लॅटमधल्या खांबावर काय असते? वर पीओपीचे छत, आणि मध्ये फट दिसू नये म्हणून भरलेले सिलिकॉन. लाकूड वाचले हे खरे. वाड्याची रचना वाचली नाही, आणि वाड्याचे शहाणपण त्या रचनेत होते.

तोच प्रकार कोनाड्याचा. हा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण यात सगळी गोम दिसते. वाड्याची भिंत दोन-दोन फूट जाड असे. एवढ्या जाडीत कोनाडा खोदला, फडताळ बसवले, तरी खोलीची एक बोट जागा जात नसे. भिंत नाहीतरी जाड होती. तिच्या पोटात दिवा, पोथी, औषधाची बाटली, लोणच्याची बरणी राहत असे. कोनाडा म्हणजे फुकटात मिळालेली जागा. फ्लॅटच्या आतल्या भिंती चार किंवा सहा इंचांच्या. तिथे कोनाडा करायचा तर प्लायवूडचा खोका करून भिंतीवर पुढे काढावा लागतो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतली आठ इंच जागा खाऊन आपण ‘कोनाडा’ मिळवतो, त्याला वर महिरप कापतो, आत पिवळा एलईडी लावतो आणि त्यात पितळेचा हत्ती ठेवतो. मूळ कोनाडा जागा देत होता, हा घेतो. नाव तेच, काम बरोबर उलटे.

छताचे तर विचारूच नका. राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, उंची असावी असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, आणि बहुतेक बिल्डर त्याच्या आसपासच थांबतात. त्या बेताच्या उंचीखाली ‘तुळया’ लावायच्या, म्हणजे प्लायचे पोकळ खोके करून त्यांना सागवानी रंगाचा पापुद्रा चिकटवायचा. खोली आणखी बुटकी होते, पंखा डोक्याशी येतो, आणि वर जमणारी गरम हवा या खोक्यांमध्ये अडकून बसते. जुन्या घरात दारावर झडप किंवा झरोका असे तो नेमकी हीच हवा बाहेर काढायला. वाड्याची आठवण म्हणून खोट्या तुळया लावणारा माणूस वाड्याची हवा मात्र बंद करून टाकतो आणि मग एसीचा आकडा खाली आणतो.

आता जाते. या वस्तूविषयी बोलताना मराठी माणसाचा आवाज लगेच ओला होतो, म्हणून थोडे कोरडे बोलतो. पहाटे उठून घरातल्या बायका जात्यावर बसत. खांदे भरून येत, हाताला घट्टे पडत. गिरणी आली तेव्हा त्यांनी हळहळ केली नाही, जाते कोपऱ्यात लोटले आणि सुटकेचा श्वास टाकला. बरोबरच केले. त्या कष्टातून जे निर्माण झाले ते म्हणजे ओवी. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ, आंबेडकर, सगळे त्या ओव्यांत आले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बायकांची नावे गावांसकट नोंदवली. जात्याचा वारसा जपणे याला म्हणतात. त्यात दगड एकही उचललेला नाही. उलट काच ठेवलेल्या जात्यात दगड आहे आणि बाकी काही नाही. त्याचा खुंटाही काढून टाकलेला असतो, कारण खुंट्यावर काच सपाट बसत नाही.

यावर कोणी विचारील, मग राजा दिनकर केळकर संग्रहालयही चुकलेच म्हणायचे का? तिथेही अडकित्ते, दिवे, दारे कामावरून काढून कपाटात ठेवलेली आहेत. प्रश्न रास्त आहे. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात वस्तुसंग्रहालयांना नेमका हाच प्रश्न विचारला होता: या वस्तू कपाटात ठेवण्यासाठी घडवलेल्याच नव्हत्या, मग त्या का मांडायच्या? त्यांचे उत्तर असे, की त्या कशासाठी, कोणत्या समजुतीने घडल्या, हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून. संग्रहालय ते काम करते. वस्तू काय होती, कोणी वापरली, हे तिथे समजून घेता येते. दिवाणखाना ते काम करत नाही. घंगाळात छत्री खोचली की घंगाळ कशासाठी होते हे त्या घरातल्या नव्या पिढीला उलट कळेनासे होते.

कारागिराच्या पोटाचा मुद्दा मला सर्वांत जास्त मान्य आहे, म्हणून तोच कसोटीला लावतो. वारली चित्र हे लग्नाचे. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यात सवाशिणी शेणामातीच्या, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत, चौकात पालघट देवी बसवत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी तिथल्या लोकांना कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर स्वतःचे एक जग उभे केले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे भिंतीवरून कागदावर येणे, बाईच्या हातातून पुरुषाच्या हातात येणे, विधीतून विक्रीत येणे, इतके सगळे बदलूनही ती कला जिवंत राहिली. हे उदाहरण पूर्वपक्षाच्या बाजूचे वाटते, आणि काही अंशी आहेही. मात्र मशे यांच्या बाबतीत काय काढायचे हे काढणारा ठरवत होता. आपल्या घरांत येते ती वारली बहुतेक वेळा छापील वॉलपेपरची किंवा स्टेन्सिलची. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फिरणारी माणसांची साखळी, आणि दोन फुटांवर पुन्हा तोच वाजवणारा, तीच साखळी, तेच मोडलेले टोक. डहाणूच्या घरापर्यंत त्यातला रुपया पोहोचत नाही. चित्रकाराला बोलावून, त्याचे मानधन देऊन, त्याला हवे ते काढू दिले तर माझी तक्रार संपली.

शिवाय पुण्या-नाशकाच्या घरात वारली ‘आपली परंपरा’ म्हणून का यावी, हेही एकदा विचारायला हवे. ‘महाराष्ट्रीय शैली’ नावाचे जे गाठोडे सजावटीच्या बाजारात मिळते, त्यात पालघरची वारली, येवल्याची पैठणी, पुण्याचा खांब आणि सावंतवाडीचे लाकडी काम एकत्र बांधलेले असते. प्रत्यक्षात घर कसे असावे हे आपल्याकडे ऊन, पाऊस आणि हाताशी असलेला दगड ठरवत आला. कोकणात जांभ्याची भिंत आणि उतरते छप्पर, कारण पावसाची धार भिंतीपासून दूर टाकायची. मराठवाड्यात सपाट माळवद, कारण पाऊस थोडा आणि उन्हाळा जबर. मातीचा जाड थर ऊन आत येऊ देत नसे. या मराठवाड्याच्या घराला ‘वाड्याच्या फील’मध्ये कधी जागा मिळालेली मी पाहिली नाही. आणि मिळावी की नाही, हाही साधा प्रश्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला याच दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. नुसते जुने म्हणून डोक्यावर घेण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही. तीच गोष्ट माजघरातल्या अंधाराची, धुराने डोळे चुरचुरवणाऱ्या स्वयंपाकघराची, आणि कोणी ओटीपर्यंत यायचे, कोणी अंगणातच थांबायचे या अलिखित नियमाची. वाडा हा सगळ्या मराठी माणसांचा वारसा कधीच नव्हता. ज्यांचे आजोबा वाड्याच्या दिंडी दरवाज्याबाहेर उभे राहिले, त्यांच्या नातवाला त्या दरवाज्याची प्रतिकृती हॉलमध्ये लावायला सांगणे, याला नाळ म्हणायचे?

दुसऱ्या टोकाला शुद्धतावादीही आहेत. त्यांना मिश्रणच नको. एक तर खरा वाडा, नाहीतर सरळ नवे घर. त्यांच्यासाठी फार शाई खर्चण्याची गरज नाही. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब मोगली वळणाचे आहेत. ज्याच्याशिवाय आपल्याला कोकण सुचत नाही ते मंगलोरी कौल जर्मन-स्विस बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यावर आपल्याकडे आले. त्याआधी घरांवर गावच्या कुंभाराची नळीची कौले असत. जुन्या मुंबईच्या घरांतल्या ज्या नक्षीदार सिमेंट फरश्यांना आज ‘हेरिटेज’ म्हणून भाव येतो, त्या विलायती फरश्यांना पर्याय म्हणून १९२२ साली सिधवा काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने बनवायला घेतल्या, आणि नक्षी बरीचशी युरोपीयच ठेवली. परंपरा म्हणजे मिसळणच होते. फक्त ती मिसळण कामासाठी झाली: कौल हलके आणि गळत नाही म्हणून, फरशी स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. देखावा मागून आला.

आता मंडनाकडे येतो. नुसते मोडून ठेवणे सोपे असते.

पाचशे चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्याचा खरा पूर्वज पेशवाईतला सरदार नाही, चाळीतला भाडेकरू आहे. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आई-वडील, मुले, गावाहून आलेला भाचा आणि गणपती मावत. कसे मावत? पोटमाळा, मोरी, कॉटखालच्या ट्रंका, दाराच्या वरची फळी, दिवसा बसायला आणि रात्री झोपायला तीच कॉट, आणि बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी. थोड्या जागेत माणसासारखे राहण्याचे जेवढे ज्ञान मराठी माणसाने कमावले ते इथे कमावले. या चाळींच्या जागी आता पाचशे फुटांची घरे उभी राहत आहेत, आणि त्यांतल्या सजावटीत लोक चाळ विसरून वाड्याच्या महिरपी मागतात. पोटमाळा मात्र कोणी मागत नाही. फ्लॅटवाल्याच्या हाती काय आहे, या पूर्वपक्षाच्या तिसऱ्या मुद्द्याला माझे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर बाल्कनी. ओसरी, पडवी, व्हरांडा, गॅलरी या सगळ्यांचे काम एकच: ऊन आणि पावसाची सर राहत्या खोलीच्या अलीकडे अडवायची, आणि माणसाला धड घरात नाही, धड बाहेर नाही अशी बसायची जागा द्यायची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कांचनजंगा ही २८ मजली इमारत बांधली, ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, पण संध्याकाळचे ऊन आणि पावसाचा मारा हेही त्याच बाजूने. कोरियांनी इमारतीच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या आणि जुन्या बंगल्याचा सभोवारचा व्हरांडा अशा रीतीने आकाशात नेऊन बसवला. तिथे ना महिरप, ना खांब, ना पितळ. ही श्रीमंतांची इमारत, असे कोणी म्हणेल म्हणून सांगतो: त्यांनीच बेलापूरला सिडकोसाठी लहान घरे केली आणि सात-सात घरांमध्ये एक लहानसे अंगण ठेवले. आपण मात्र ताबा मिळाल्याबरोबर पहिले काम कोणते करतो? बाल्कनी आत घेतो. घरातली एकमेव खरी पडवी काचेने बंद करून हॉल चार फुटांनी वाढवतो, आणि त्या वाढलेल्या भिंतीवर राजस्थानी झरोक्याची चौकट टांगतो. बाल्कनी उघडी ठेवून तिथे एक बाकडे आणि दोन कुंड्या ठेवणारा माणूस वाड्याच्या जास्त जवळ आहे, मग त्याच्या घरात एकही जुनी वस्तू नसेना का.

खिडकीचेही तसेच. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. जुन्या लाकडी खिडकीला वर आणि खाली अशी वेगवेगळी झडपे असत. खालची लावली की रस्त्यावरून आतले दिसत नसे, वरची उघडी ठेवली की गरम हवा निघून जाई. अशी पूर्ण उघडणारी, दोन भागांची खिडकी आजचा सुतार किंवा ॲल्युमिनियमवालाही करून देतो. सोसायटीची परवानगी लागते, पण मागून पाहायला काय जाते? जमिनीलगतची बैठक हाही असाच एक वारसा. माणूस खाली बसला की नऊ फुटांची खोली उंच वाटू लागते आणि सोफ्याने अडवलेली जागा मोकळी होते. गुडघ्यांची तक्रार असेल तर दिवाण हातभर उंच करा. शहाबादी फरशी उपटून तिथे लाकडासारखी दिसणारी टाइल घालणाऱ्यांना तर मी हात जोडतो: ती फरशी उन्हाळ्यात पायाला गार लागते, घासली तर पुन्हा नवी दिसते, आणि तिची खाण आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे.

वस्तूच नकोत, असे माझे म्हणणे नाही. झोपाळा माझ्या कसोटीला सहज उतरतो. ज्या घरात तो आहे तिथे आजी, नातू आणि पेपर वाचणारे आजोबा आळीपाळीने त्यावर असतात. देवघरही उतरते, आणि त्याला कोणी ‘वारसा कोपरा’ म्हणत नाही. तांब्याचेही उतरेल, जर ते वापरात असेल तर. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी अजून आहे. तिथल्या मठाराच्या कामात पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके पडतात; त्यांनी भांडे चमकते, आणि धातू घट्ट होऊन टिकतोही. बाजारात ठोक्यांची नक्कल यंत्राने दाबलेली मिळते, वर लाखेचा थर देतात, म्हणजे घासायला नको आणि पाणी भरायलाही नको. खऱ्या हातचा एक हंडा घ्या, त्यात पिण्याचे पाणी भरा, चिंचेने घासा. दहा शोभेच्या घंगाळांपेक्षा तो तांबटाच्या आणि तुमच्या दोघांच्या उपयोगाचा.

तेव्हा ज्यांना नुकताच ताबा मिळाला आहे त्यांना विनंती. सजावटकाराला बोलावण्याआधी एक पूर्ण दिवस रिकाम्या घरात चटई टाकून बसा. सकाळचे ऊन कुठे पडते, दुपारी वारा कुठून शिरतो, संध्याकाळी तुमची माणसे आपोआप कुठे जाऊन बसतात, ते पाहून लिहून ठेवा. आराखडा आला की त्यात तीन गोष्टी तपासा: बाल्कनी उघडी राहते का, खिडकी पूर्ण उघडते का, आणि छताचे काम झाल्यावर किती फूट उंची उरते. या तिन्हींची उत्तरे कागदावर लिहून मिळाल्याशिवाय सही करू नका. खांब आणि महिरपींचे नंतर बघता येईल.